कॉम्प्युटर मंद, बोलणी मात्र तिला

गेल्या दिवाळीला दहा-बारा दिवस उरले होते. आमच्या महिला पतसंस्थेच्या दारात सकाळी साडेदहालाच रांग लागली होती. वर्षभर दहा-वीस रुपयांनी साठवलेली दिवाळी ठेव न्यायची, पोरांना कपडे घ्यायचे, किराणा भरायचा, गावाला जायची तिकिटं काढायची, म्हणून बायका कामावरून तासाभराची सवड काढून आलेल्या. आमचं भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. कांडी भरणाऱ्या बाईला जितकं काम तितका दाम. तिचा तास रांगेत गेला की तेवढी मजुरी बुडाली.

आणि आत कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते छोटं वर्तुळ आपलं गरगर फिरतंय! एक खातं उघडायला चार मिनिटं, पावती छापायला आणखी तीन. पद्मानगरातल्या एक मावशी दुसऱ्यांदा आल्या होत्या. आदल्या दिवशी दोन तास थांबून रिकाम्या हाताने परत गेलेल्या. त्या काउंटरवर हात आपटून म्हणाल्या, "पैसे आमचे, आणि भीक मागितल्यासारखं आम्हीच उभं राहायचं का?"

मला शरमल्यासारखं झालं. आणि माणसाला शरम वाटली की तो राग काढायला कुणीतरी शोधतो. मी सगळ्यांदेखत आमच्या रोखपाल मुलीला म्हटलं, "अगं, जरा हात चालव की! बाकीच्यांचं होतं, तुझंच कसं होत नाही?" ती काही बोलली नाही. दुपारी डबा न उघडताच मागच्या खोलीत जाऊन रडली, हे मला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी कमिटीची बैठक झाली. दोन सूचना आल्या. एक, या मुलीला काउंटरवरून काढून दुसरी चटपटीत मुलगी बसवावी. दुसरी, पाचही कॉम्प्युटर नवे घ्यावेत. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. कॉम्प्युटरचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो. दोन्ही सूचनांना मी मान डोलावली. निर्णय तेवढा पुढच्या बैठकीवर ठेवला, हेच नशीब.

धागा कुठे तुटला?

माझी भाची मानकोलीकडच्या एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरची देखभाल बघते. घरी आली तेव्हा मी तिच्यापुढे हे रडगाणं गायले. ती म्हणाली, "मावशी, माग थांबला तर जॉबर काय करतो? कामगाराला काढतो की आधी धागा कुठे तुटला ते बघतो?"

मी गप्प!

मग तिने समजावून सांगितलं, ते मला इतकं पटलं की तुम्हालाही सांगते. घरात नळाला पाणी बारीक येतंय, तर आपण काय करतो? आधी बघतो, एकाच नळाला की सगळ्या नळांना? सगळ्यांना येत असेल तर गच्चीवरची टाकी बघतो. टाकीच भरली नसेल तर शेजारणीला विचारतो, तुमच्याकडे येतंय का? ऑफिसातल्या कॉम्प्युटरचंही तसंच. "नेट स्लो आहे" असं आपण सरसकट म्हणतो, पण मंद असणाऱ्या गोष्टी तीन असतात. एक, ते मशीनच. दोन, ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं जाळं, म्हणजे वायरी आणि त्या जिथे येऊन मिळतात तो स्विच नावाचा डबा. आणि तीन, बाहेरून येणारं इंटरनेट. आपल्या मशीनवरचीच एखादी फाइल उशिरा उघडत असेल तर दोष मशीनचा. ती पटकन उघडते पण मुख्य कॉम्प्युटरवरचं खातं उघडत नाही, तर बहुधा दोष मधल्या वायरीचा किंवा मुख्य कॉम्प्युटरचा. आतलं सगळं झरझर चालतंय आणि फक्त बाहेरची वेबसाइट रेंगाळते, तर राउटर आणि इंटरनेटची लाइन तपासायची.

तिने आल्या आल्या कशालाही हात लावला नाही. एक शंभर पानी वही मागितली आणि आमच्या रोखपाल मुलीलाच दिली. "ताई, तीन दिवस लिहा. कुठलं मशीन, किती वाजता, कोणत्या कामाला अडलं."

तीन दिवसांनी वही उघडली, तेव्हा आम्हा सगळ्यांचे डोळेही उघडले. रोखपालचं मशीन दिवसभर अडतं. मुख्य कॉम्प्युटर दुपारी बारानंतर, ऊन चढलं की रेंगाळतो. आणि संध्याकाळी पाचनंतर इंटरनेटवरचं काम सगळ्यांचंच ठप्प! म्हणजे दुखणं एक नव्हतंच, तीन होती. एकाच औषधाने ती बरी कशी होणार?

कपाटाचा पाय

पहिलं दुखणं रोखपालच्या मशीनचं. भाचीने तिथून मुख्य कॉम्प्युटरला हाक मारून बघितली. याला "पिंग" म्हणतात. विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये ही सोय असते, वेगळे पैसे लागत नाहीत. एक कॉम्प्युटर दुसऱ्याला "आहेस का?" विचारतो, दुसरा "आहे" म्हणतो, आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते पडद्यावर दिसतं. वायरीने जोडलेल्या छोट्या ऑफिसात हे उत्तर साधारण एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग! तिने पन्नास हाका मारल्या, त्यातल्या अकरांना उत्तरच आलं नाही. उत्तर आलं नाही की कॉम्प्युटर तीच माहिती परत पाठवतो, परत थांबतो. ते वर्तुळ गरगरत होतं ते याच्यामुळे.

मग तिने शेजारच्या मशीनची चांगली वायर काढून इथे लावली. पन्नासच्या पन्नास उत्तरं आली. "मावशी, एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ती म्हणाली. "चार गोष्टी एकदम बदलल्या तर बरं कशाने वाटलं तेच कळत नाही." भाजीत मीठ, तिखट, चिंच एकदम टाकून मग चव बिघडली कशाने म्हणून विचारण्यासारखंच ते.

जुनी वायर भिंतीकडेने शोधत गेलो, तर ती सापडली लोखंडी कपाटाच्या पायाखाली. तुटली नव्हती, चेपली होती. या वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्यांत पीळ देऊन घातलेल्या. बाहेरून वायर धडधाकट दिसते, पण आतली एखादी जोडी दबली तरी माहिती अर्धवट पोचते. ते कपाट कुणी सरकवलं होतं? गणपतीआधीच्या साफसफाईत, मी! "जरा भिंतीला लावा, जागा मोकळी होईल," असं सांगणारी मीच होते. म्हणजे काउंटरवर जिला मी हात चालव म्हटलं, तिच्या वायरीवर माझंच कपाट बसलेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दुसरं दुखणं मुख्य कॉम्प्युटरचं. तो कोपऱ्यात, टेबलाखाली. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग चालतात, सुताची बारीक लव सतत हवेत उडत असते. डबा उघडला तर आतल्या पंख्यावर गोधडी करता येईल इतकी लव! पंखा फिरेना, आतला गरम भाग थंड होईना. मग आपण जळू नये म्हणून कॉम्प्युटर आपला वेग आपणच कमी करतो. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून, प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने साफ केलं. ओलं फडकं आत अजिबात लावायचं नाही. आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे काम ठरलेलं. ज्यांच्या गावात माग नाहीत पण पिठाची गिरणी, कापसाची जिनिंग किंवा धुळीचा रस्ता आहे, त्यांनीही हे लक्षात ठेवावं.

आपल्या घरात एकतीस पाहुणे

तिसरं दुखणं संध्याकाळचं. भाचीने राउटरचं पान उघडलं. आपल्या वायफायवर या क्षणी कोण कोण आहे याची यादी तिथे दिसते. आमची यंत्रं किती? पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर, कर्मचाऱ्यांचे तीन मोबाइल. एकूण नऊ. यादीत होती चाळीस!

मग आठवायला लागलं. खालच्या चहावाल्याच्या पोराला कुणीतरी पासवर्ड दिला होता. त्याने गिऱ्हाइकांना दिला. वरच्या क्लासच्या मुलांना कुणी दिला, देव जाणे. पाच वाजता क्लास सुटला की मुलं जिन्यात बसून व्हिडिओ बघत. पासवर्ड तरी काय होता? संस्थेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवलेला, म्हणजे कुणाला विचारायलाही नको.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, जाऊ दे, पोरं आहेत. पण भाची हसली नाही. ती म्हणाली, "मावशी, ही एकतीस यंत्रं फक्त तुमचं नेट वापरत नाहीयेत. तुमची खातेवही ज्या खोलीत आहे, त्याच खोलीत ती उभी आहेत." आणि तिने आपला मोबाइल त्या वायफायला जोडून दाखवलं. मुख्य कॉम्प्युटरवरचं एक फोल्डर, सगळ्यांना सोयीचं म्हणून आम्ही पासवर्डशिवाय उघडं ठेवलेलं, ते तिच्या मोबाइलवर उघडलं. आत सभासद बायकांची नावं, पत्ते, आधारच्या प्रती, खात्यातल्या रकमा.

मग माझं हसू कुठल्या कुठे गेलं. चहावाल्याच्या पोराच्या मनात काही वाईट नसेल. पण त्याच्या मोबाइलमध्ये कुठून काय शिरलंय, ते त्याला तरी कुठे माहीत?

लहानांकडे कोण बघतंय?

कमिटीतल्या एकजणी म्हणाल्या, "आपण एवढे गरीब, आपल्याकडे कशाला कोण येतंय?" मलाही तसंच वाटायचं. पण गेल्या काही वर्षांतल्या बातम्या आठवून बघा.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा प्रकार जगभर पसरला. फाइलींना कुलूप लावायचं आणि किल्लीसाठी खंडणी मागायची. तो गरीब-श्रीमंत बघत नव्हता. एका मशीनवर शिरला की त्या जाळ्यातल्या दुसऱ्या मशीनवर आपोआप उडी मारायचा. ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी "नंतर करू" म्हणून अपडेट टाळलं ते सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, अशाच दुसऱ्या हल्ल्याने आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं. हल्ला आपल्यावर नव्हताच, तो युक्रेनमधून सुरू होऊन एका जागतिक जहाज कंपनीच्या जाळ्यातून इथवर आला होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. ११ आणि १३ तारखेला मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी व्यवहाराला मंजुरी देणारी खोटी यंत्रणाच मध्ये उभी केली, आणि बनावट कार्डांनी कितीतरी देशांतल्या एटीएममधून पैसे काढले. १९०६ साली सुरू झालेली, शंभर वर्षांहून जुनी बँक ती! २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली.

आणि २०२४ च्या जुलैअखेरचं आठवतंय का? देशातल्या छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर खंडणीचा हल्ला झाला. तेव्हा एनपीसीआयने, म्हणजे आपले यूपीआयचे व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेने, त्यांना काही काळ आपल्या जाळ्यापासून अलग केलं. सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांची गैरसोय झाली, पण आग पुढे पसरू नये म्हणून दार लावून घेतलं ते बरंच झालं. थोडक्यात काय, लहानांनाही झळ लागते. आणि आपल्या पतसंस्थेत पैसे बुडाले तर बुडणार कुणाचे? कांडी भरणाऱ्या बाईचेच.

आम्ही काय केलं?

सगळं एका रविवारात झालं नाही. पण दोन आठवड्यांत जे केलं ते तुमच्या बचत गटाच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा दुकानाच्या ऑफिसातही करता येईल.

१. वायफायचा पासवर्ड बदलला. लांब, आठवायला सोपा पण ओळखायला अवघड असा. पाहुण्यांसाठी राउटरमध्येच "गेस्ट" नावाचं वेगळं वायफाय असतं, ते सुरू केलं. पाहुणा ओसरीवर बसेल, देवघरात येणार नाही.

२. राउटरच्या सेटिंगचा स्वतःचा वेगळा पासवर्ड असतो. बऱ्याच ठिकाणी तो खोक्यातून आला तसाच राहतो आणि जगाला माहीत असतो. तोही बदलला.

३. प्रत्येकीला स्वतःचं लॉगिन दिलं. पूर्वी पाचजणी एकाच नावाने काम करत. उद्या एखादी नोंद चुकली तर ती कुणी केली कळणार कसं? मग बालंट येणार जी गरीब, जी गप्प बसते तिच्यावर. वेगळं लॉगिन म्हणजे अविश्वास नव्हे, ते प्रत्येकीचं संरक्षण आहे.

४. उघडं फोल्डर बंद केलं. ज्या कामाला जेवढं लागतं तेवढंच तिला दिसतं.

५. दोन मशीनवर विंडोज ७ होतं. त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० पासून थांबल्यात. ती दोन्ही जाळ्यातून काढली. नवे कॉम्प्युटर घ्यायचे ते पाच नाही, फक्त दोन, असं ठरलं. विंडोज १० चाही नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा तुमच्याकडे काय आहे ते एकदा बघून घ्या. बाकी मशीनवर अपडेट आपोआप येतील असं करून ठेवलं.

६. मागे कधीतरी दुरुस्तीवाल्याने दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. काम झालं, तो गेला, पण त्याची किल्ली आमच्या दारालाच लटकत राहिली. ते काढून टाकलं. "कंपनीतून बोलतोय, हे ॲप टाका" असा फोन आला तर सरळ ठेवून द्यायचा.

७. रोजच्या हिशेबाची नक्कल आम्ही पेन ड्राइव्हवर घेत होतो, पण तो ड्राइव्ह चोवीस तास कॉम्प्युटरलाच खोचलेला! कुलूप लावणारा हल्ला आला तर नकलेलाही कुलूप लागणार. आता दोन ड्राइव्ह आलटून पालटून वापरतो. एक नेहमी तिजोरीत. आणि महिन्यातून एकदा ती नक्कल खरंच उघडते का ते दुसऱ्या मशीनवर बघतो. लोणचं घातलं म्हणून होत नाही, बरणी अधूनमधून उघडून बघावी लागते.

८. कॉम्प्युटरना यूपीएस होता, स्विच आणि राउटरला नव्हता. वीज क्षणभर गेली की जाळं तुटायचं आणि अर्धी नोंद हवेत. त्यांनाही यूपीएस जोडला.

आणि एवढं करूनही कधी पडद्यावर खंडणीची चिठ्ठी दिसली, फाइली उघडेनाशा झाल्या, तर आधी त्या मशीनची नेटवर्कची वायर काढायची, वायफाय बंद करायचं. घाबरून काही पुसायचं नाही. जाणकाराला बोलवायचं. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा. जितका लवकर, तितकी पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त. नाहीतर ते वरातीमागून घोडं!

एक काम उरलं होतं

वायर बदलली त्याच्या दुसऱ्या दिवशी रांग तेवढीच होती. पण खातं झटकन उघडत होतं, पावती सरसर निघत होती. पद्मानगरच्या मावशी तिसऱ्यांदा आल्या आणि पंधरा मिनिटांत पैसे मोजून पदरात बांधत बाहेर पडल्या. मी दारातच उभी होते. त्या म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो तुमची."

मला राहवलं नाही. रांगेतल्या बायकांदेखत तिला बोलले होते, तेव्हा माफीही रांगेतल्या बायकांदेखतच मागायला हवी होती. मी काउंटरपाशी गेले आणि म्हटलं, "त्या दिवशी मी हिला हळू म्हटलं. ही हळू नव्हती. हिच्या वायरीवर मी कपाट ठेवलं होतं." बायका हसल्या. ती हसली नाही. तिने मान खाली घातली आणि पुढच्या बाईचं पासबुक हातात घेतलं. थोड्या वेळाने बघितलं तर डोळे पुसत होती.

मैत्रिणींनो, आपल्याकडे काम अडलं की पहिली नजर माणसावर जाते, आणि त्यातही जी समोर बसलेली असते तिच्यावर. यंत्राला दोष द्यायला यंत्र थोडं तरी समजावं लागतं, माणसाला दोष द्यायला काहीच लागत नाही. मला आजही नेटवर्कमधलं फार कळत नाही. पण आधी लिहून काढायचं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं, एका वेळी एकच बदलायचं, आणि दार उघडं कुठे राहिलंय ते बघायचं, एवढं मला जमायला लागलंय. ते जमायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. घर चालवणारी प्रत्येक बाई ते रोज करतेच.

ती शंभर पानी वही अजून काउंटरशेजारी खिळ्याला टांगलेली असते. पुढच्या बैठकीत कमिटीने ठराव केला. रोखपाल तीच राहील, आणि वायफायची यादी दर सोमवारी तीच तपासेल. परवा सकाळी पहिला फोन तिचाच आला. "ताई, यादीत एक मोबाइल जास्त दिसतोय. कुणाचा ते बघते. तोवर पासवर्ड बदलून टाकू का?"

मी म्हटलं, "मला कशाला विचारतेस बाई, बदल की!"